ओढ्यापलीकडचा पाखऱ्या

मला शिर्डीला जायचं होतं आणि माझ्या धाकट्या बहिणीला गोमाश्या पकडायला. गाडी माझी, चालवणार मी, तरी आम्ही गोमाश्यांकडेच गेलो. ज्यांना धाकटी बहीण आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या ब्लॉगवर तुम्ही भक्तनिवासातल्या खोल्या, घाटातली वळणं आणि कुठली मिसळ पोटाला बाधते हे वाचायला येता. यावेळीही त्यातलं थोडंफार मिळेल. पण ही सहल आनंदाची झाली नाही, ते आधीच सांगून ठेवते. ज्यांना जड वाचायचं नसेल त्यांनी माझी कोकणातली जुनी पोस्ट उघडावी, तिच्यात सोलकढी आहे. आणखी एक. यातल्या माणसांची आणि बैलांची नावं मी बदलली आहेत, गावाचं नाव तर सांगतच नाही. का, ते वाचताना कळेल.

तर आमची मंजू. शिकली ती जनावरांची डॉक्टर व्हायला, पण गेली कित्येक वर्षं पुण्यात एका संशोधन संस्थेत विषाणूंच्या मागे लागली आहे. जनावरांना होणारे, आणि डास, माशी, गोचीड यांच्या तोंडून एका अंगातून दुसऱ्या अंगात जाणारे विषाणू. लग्नकार्यात कुणी हौसेने विचारलं की काय करतेस गं, तर ही ताटावर बसून गोचिडीबद्दल सांगते. माझा ब्लॉग ती वाचत नाही. त्यात माहिती नसते म्हणे.

सध्या तिचं खाणंपिणं सगळं लंपीवर चाललं होतं. लंपी तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. गाईबैलांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी येतात, ताप भरतो, पाय सुजतात, जनावर वैरण सोडतं. बरीच वाचतात, काही जातात. माणसाला होत नाही, हे मी निघण्याआधी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. आजारी जनावर वेगळं बांधा असं सगळेच सांगतात. किती लांब बांधायचं, हे मात्र कुणी छातीठोक सांगत नाही, कारण चावरी माशी विषाणू घेऊन किती लांब जाते हेच नीट माहीत नाही. मंजूचं तीन वर्षांचं काम या एका प्रश्नावर उभं होतं.

आणि तिला उत्तर मिळालं होतं. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात भानुदास आणि लंकाबाई हे ऊसतोडीला जाणारं जोडपं राहतं. त्यांची बैलजोडी, पाखऱ्या आणि हौशा. पाखऱ्याला पोळ्याच्या सुमाराला गाठी आल्या. मंजूने सांगितलं म्हणून भानुदासने त्याला ओढ्यापलीकडच्या पडीक रानात, चांगला अर्धा किलोमीटर लांब, बाभळीखाली नेऊन बांधलं. हौशा घरीच, धडधाकट. मागच्या महिन्यात मंजूने दोन्हीकडे सापळे लावले, तर घरच्या गोठ्यातल्या माश्यांतसुद्धा विषाणू निघाला. म्हणजे माशी ओढा ओलांडून आली. आत्तापर्यंत समजत होते त्याच्या कितीतरी पुढे. निकाल आला त्या दिवशी तिने मला प्रयोगशाळेतून फोन केला आणि काही न बोलता नुसती हसत राहिली. माझी बहीण हसली की मला काळजी वाटते.

एकदा दिसलं एवढ्यावर भागत नाही, पुन्हा दिसावं लागतं. पण प्रकल्पाची मुदत संपत आलेली, संस्थेची जीप दुसऱ्या कामाला लागलेली. म्हणून ताई. बदल्यात येताना शिंगणापूर, आणि वेळ उरला तर शिर्डी, असा आमचा करार झाला. शिर्डी राहिली ती राहिलीच.

पहिला दिवस. दसरा नुकताच झाला होता. पुण्यातून पहाटे निघालात तरच वाघोली सुखाने पार होते, आम्ही उजाडल्यावर निघालो आणि भोगलं. शिरूरच्या पुढे रस्ता मोकळा आणि चांगला आहे. सुप्याजवळ चहा घेतला, बरा होता. अहिल्यानगर आता पाट्यांवर आहे, तोंडात मात्र सगळ्यांच्या अजून नगरच. गावात शिरून एका साध्या खानावळीत शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. ही आमटी आयुष्यात एकदा तरी खा, आणि नंतर गाडी चालवायची असेल तर अर्धीच खा. दोघींचं जेवण पुण्यातल्या एका थाळीच्या पैशात झालं. स्वच्छतागृहाची चौकशी जेवणाआधी करा.

नगरहून पाथर्डीकडे निघालं की करंजीचा घाट लागतो. घाट लहान आहे पण ट्रक फार, आणि वळणावर ओव्हरटेक करणारे महाभागही फार. वर चढलं की डोंगर उघडे बोडके, मधूनमधून तूर, कापूस आणि काढणी झालेली बाजरी. उदास मुलूख आहे, सुंदर म्हणवत नाही. मला तो आवडत गेला, पण त्याचं कारण सांगता येणार नाही.

समोरून बैलगाड्या येत होत्या. ऊसतोडीला निघालेल्या. गाडीत पत्रे, बाज, हंडे, कोंबड्यांचा झाप, आणि सगळ्यात वर पोरं. निम्म्याअधिक श्रीगोंद्याकडच्या कारखान्यांना जाणाऱ्या. मी फोटो काढायला गाडी हळू केली. मंजू काच खाली करून बैलांची कातडी बघत होती. भानुदासची गाडी यांच्यातच असायला हवी होती, ती म्हणाली. पाखऱ्या सावरलाय, खपल्या धरल्यात. आणखी काही दिवसांनी जोडी सोडता येईल. पण तिकडे फडावर शेकडो बैल दाटीने बांधलेले असतात, तिथे एक जरी आजारी गेला तरी वणवा लागेल. म्हणून तिने त्यांना थांबवून ठेवलं होतं. तसा काही अधिकार तिला नाही. हात जोडून थांबवलं होतं.

आणि त्या दोघांचं सगळं त्या जोडीवर होतं. जोडी असेल तर स्वतःच्या गाडीने ऊस वाहायचा. एक बैल कमी झाला तर गाडी बंद, मग दुसऱ्याच्या टोळीत नुसता कोयता हातात घेऊन सहा महिने वाकायचं. लंकाबाईची कंबर मागच्या वर्षीच धरली होती. हे मला मंजूने गाडीत सांगितलं, आणि नेहमीसारखं पुढे लगेच माशीच्या पंखांवर गेली.

पाथर्डीत बसस्थानकाच्या जवळपास साधे लॉज आहेत. चादर घरची न्या, एवढंच सांगेन. सामान टाकून ऊन उतरताना गावाकडे निघालो. शेवटचा रस्ता खडीचा आहे, गाडी खालून घासते.

आम्हाला बघून लंकाबाई उंबऱ्यातून उठलीच नाही. चाळिशीची असेल, पण चेहरा त्याच्या पुढे गेलेला. भानुदास गोठ्यात होता. तो विहिरीच्या कामावर रोजाने जातो आणि अंधार पडल्यावर घरी येतो, पण त्या दिवशी गेला नव्हता. हौशा आडवा पडला होता. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत गाठी, एक पाय खांबासारखा सुजलेला, नाकातून शेंबूड. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर दोनदा येऊन सलाईन लावून गेले होते.

मंजू खाली बसली, त्याच्या कानाला हात लावून ताप बघितला. हौशाला लस टोचली होती, पण पाखऱ्या आजारी पडल्यावर. ती अंगात मुरायला तीनेक आठवडे लागतात आणि तेवढी सवड मिळाली नाही. त्याआधी गावात लसीचं पथक आलं तेव्हा ही जोडी श्रीगोंद्याला फडावर होती. तिकडे पथक आलं तेव्हा ही इकडे परतली होती. जे दोन गावांत राहतात ते दोन्हीकडच्या यादीतून सुटतात, असं मंजू मला मागे एकदा म्हणाली होती.

भानुदास फारसं बोलणारा माणूस नाही. त्याने एवढंच विचारलं की मॅडम, तुमी म्हनला तितकं लांब बांधलं, मग इकडं कसं आलं? मंजू म्हणाली, माशी आली असणार. हे सांगताना तिचा आवाज अगदी खाली गेला, पण मी तिची मोठी बहीण आहे. त्या आवाजाच्या तळाशी काय होतं ते मला ऐकू आलं. दुःख तर होतंच. आणि तिचं उत्तर बरोबर ठरत होतं, याचा एक बारीकसा आनंदही होता. मला तिचा राग आला.

मग आम्ही सापळे लावले. निळ्या आणि काळ्या कापडाचा लहानसा तंबू, वर जाळीची टोपी. निळ्या रंगावर गोमाशी येते म्हणे. एक गोठ्याजवळ, दुसरा ओढ्यापलीकडे. ओढा कोरडा, नुसती वाळू आणि दगड. पलीकडे बाभळीखाली पाखऱ्या उभा होता. तांबडा, पोटावर पांढरे ठिपके, डाव्या कानाला चीर. अंगभर खपल्या, पण नजर ताजी. त्याच्यापुढे कडब्याची पेंडी जशीच्या तशी पडली होती. आम्हाला पाहून त्याने मान उचलली, आमच्या मागे वाटेकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दुसरा दिवस. सकाळी मंजू सापळ्यांतल्या माश्या बाटल्यांत भरत बसली आणि मी लंकाबाईकडे चहाला. चुलीवरचा, गुळाचा, दूध नावाला. भानुदास औषध आणायला पाथर्डीला गेला होता. बाई आदल्या दिवसापेक्षा बोलती होती, किंवा बोलल्यावाचून तिला राहवत नव्हतं. जोडी लहानपणापासून एकत्र वाढलेली, एका जुवाखाली आठ हंगाम ओढलेले. पाखऱ्याला एकटा नेऊन बांधला तर त्याने खाणंच सोडलं. गूळ दिला, हिरवा मका दिला, तोंडाशी धरून पाहिलं. शिवला नाही. बरगड्या दिसायला लागल्या.

"मंग मीच हौशाला न्यायला लागले," ती म्हणाली. "दिवस मावळताना. ह्यांना म्हाईत न्हाई, हे कामावर असायचे. दोघं शेजारी हुबे राहिले की लगीच तोंड लावायचा. घटकाभर दोघांनी खायाचं, मंग आमी माघारी. त्याच्यावरच त्यो तगला बघा."

आता हौशा उठत नाही तेव्हापासून पाखऱ्याने पुन्हा टाकलंय, असं तिने सांगितलं आणि पदराने नाक पुसलं.

मला गलबलून आलं. खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी ब्लॉगसुद्धा आठवला. अशी गोष्ट तुम्हाला सांगायला मिळावी म्हणूनच तर मी वणवण करते. चहा संपवून मी जवळजवळ धावतच ओढ्याकडे गेले आणि वाळूत बसलेल्या मंजूला सगळं रंगवून सांगितलं. दिवस मावळताना, शेजारी उभे राहून, घटकाभर.

तिच्या हातातली बाटली तशीच राहिली. रोज, तिने विचारलं. मी म्हटलं, हो, रोज, किती गोड ना. कधीपासून, तिने विचारलं. मी म्हटलं, वेगळा बांधला तेव्हापासूनच असेल. तेव्हा कुठे मलाही उजेड पडला. माशी अर्धा किलोमीटर उडालीच नव्हती. पाखऱ्याचं रक्त पिऊन ती शेजारच्या हौशाला चावली होती, आणि त्याच्याच अंगावर बसून, त्याच्या सावलीने, आयती घरच्या गोठ्यात आली होती. ओढा हौशाने ओलांडला होता, आणि दावं लंकाबाईच्या हातात होतं.

मंजूने बाटली खाली ठेवली. "ताई, माझं उत्तर गेलं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आणि तिचा बैलही."

दुपारी तिने लंकाबाईला बाजूला घेऊन विचारलं. विचारणं भागच होतं, तिचं कामच ते. कधी नेलंत, किती वेळ, दोघांत अंतर किती असायचं. बाई आधी पटापट सांगत होती. मग उत्तरं हळू व्हायला लागली, मग एका शब्दाची झाली, आणि शेवटी ती मंजूच्या तोंडाकडे बघत नुसती उभी राहिली. मंजूने पुढचं काही विचारलं नाही. पण अडाणी असो की शिकलेली, बाईला कळायचं ते कळतं. उरलेली दुपार ती हौशाच्या डोक्याशी बसून माश्या वारत होती. कडुनिंबाचा डहाळा घेऊन, न थांबता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा हौशा गेला. मी बैल मरताना कधी पाहिला नव्हता. आवाज काही झाला नाही. पोट वरखाली होत होतं ते थांबलं. भानुदास औषधाची पिशवी हातात घेऊन अंगणात उभा होता आणि ती कुठे ठेवावी ते त्याला सुचत नव्हतं.

लॉजवर आल्यावर जेवायची इच्छा नव्हती, पण मालकिणीने हुलग्याची शेंगोळी केली होती. ती न मागता ताटं घेऊन आली म्हणून खाल्ली. उत्तम होती. मी मंजूला विचारलं, तू भानुदासला सांगणार का? ती म्हणाली, माहीत नाही. मग मला तिने एक गोष्ट नीट समजावून सांगितली. गप्प राहिलं तर सगळ्यांचंच भलं होतं. माशी उडून आली असं म्हटलं की लंकाबाई सुटते, आणि मंजूचं तीन वर्षांचं काम उभं राहतं. एकच खोटं, आणि दोघींना पुरणारं. पण उद्या लोक तिच्या त्या खोट्या आकड्यावर विसंबून कुठे तरी जनावरं बांधतील. मला आपलं मिसळीतलं कळतं.

तिसरा दिवस. लंपीने गेलेलं जनावर खोल पुरावं लागतं, चुना आणि मीठ टाकून. सकाळीच जेसीबी आला. गावातली पाचसहा माणसं जमली, लांबच उभी राहिली. हौशाला उतरवण्याआधी भानुदासने त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून घेतली आणि शिंगांना कुंकू लावलं. लंकाबाई मागे, पदर तोंडावर. चुना पडत होता तेव्हा भानुदास मंजूकडे वळला.

"मॅडम, माशीनंच आनलं ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. लंकाबाईसुद्धा. पदराच्या वर नुसते डोळे होते.

"माशीनंच आणलं," मंजू म्हणाली.

भानुदासने मान हलवली आणि जेसीबीवाल्याला हात केला. मंजू खोटं बोलली नव्हती. ज्या चाव्याने हौशा गेला तो माशीचाच होता. बाकीचं तिने तिथे कुणाला सांगितलं नाही, आणि हे ती विचार करून बोलली की तिच्या तोंडून निघून गेलं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

निघताना लंकाबाई गाडीपर्यंत आली. भानुदास लांब होता. तिने मंजूच्या बाजूच्या काचेवर हात ठेवला आणि विचारलं, "मी न्यायला नगं हुतं ना त्याला?"

मला वाटलं आता मंजू नाही नाही म्हणेल, हात धरेल. आपण कुणीही तेच केलं असतं. मंजू एवढंच म्हणाली, "तुम्ही नेलं म्हणून पाखऱ्याने खाल्लं. खाल्लं म्हणून तो वाचला."

लंकाबाईने हे ऐकून घेतलं. तिने जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं, आणि ते त्या दोघींनाही माहीत होतं. तिने काचेवरचा हात काढला. खडीच्या रस्त्यावर गाडी पुन्हा खालून घासली.

शिंगणापूरला गेलो, कारण करार होता. पाथर्डीहून नगरकडे मागे येऊन घोडेगावावरून जाता येतं. रस्ता चांगला, गाड्या लावायला जागा भरपूर. फक्त वाटेत गाडीला हात करणाऱ्या तेल-फुलांच्या दुकानदारांकडे बघू नका, बघितलंत की गेलात. गावात बऱ्याच घरांना अजून चौकट आहे आणि दार नाही. एरवी मी यावर दोन परिच्छेद लिहिले असते. रांगेत उभी राहून तेल वाहिलं, काय मागावं ते आठवेना, तशीच बाहेर आले. मंजू गाडीतच बसून होती.

या रस्त्याला ओळीने रसवंत्या आहेत. लाकडी चरक, आणि तो फिरवणारा एकेक बैल. पोरंबाळं सोबत असतील तर त्यांना हे बघायला आवडतं. रस ताजा असतो, बर्फाशिवाय मागा. आम्ही एका ठिकाणी थांबलो. बैलाच्या डोळ्यांना झापडं होती आणि तो गोल गोल फिरत होता, घुंगरू वाजत होते. मंजूने ग्लास हातातच धरला होता आणि ती बैलाच्या पायांकडे बघत होती. गोमाशी पायांना चावते. मग तिने रसवंतीवाल्याला विचारलं की याला लस टोचली आहे का. तो म्हणाला, टोचली की. तिने रस न पिता ग्लास ठेवून दिला.

मला वाटलं होतं की ती शिर्डीला तरी चल म्हणेल, मन शांत होईल वगैरे. ती म्हणाली, घरी जाऊ. नगर बायपासच्या पुढे ती झोपली, किंवा झोपल्यासारखी पडून राहिली. शिरूरला मी एकटीने चहा घेतला. वाघोलीत तासभर अडकलो.

घरी आल्यावर काय उरलं, हे अशा पोस्टच्या शेवटी लिहायचं असतं. मंजूचं सांगते. तिने ते गाव तिच्या कामातून काढून टाकलं. दोन्ही जनावरं एकत्र आली होती, इथलं काही धरता येणार नाही, एवढंच कारण दिलं. कुणी आणली, कशासाठी, ते नाही. त्या गावाशिवाय तिच्या तीन वर्षांत फारसं काही राहत नाही. मुदत वाढवून मिळाली नाही. हल्ली ती डुकरांच्या कुठल्याशा विषाणूवर काम करते आणि आजारी जनावर किती लांब बांधायचं हे अजूनही कुणी छातीठोक सांगत नाही. मी तिला एकदा म्हटलं की चूक तुझी नव्हती. ती म्हणाली, मी त्यांना बैल कुठे बांधायचा ते सांगितलं. तो एकटा राहील का, हे विचारलं नाही.

लंकाबाईचा फोन संक्रांत झाल्यावर आला. मंजूला नाही, मला. चहाच्या वेळी मीच तिला नंबर दिला होता. मागून मोटारींचे, पोरांचे आवाज येत होते. दोघं श्रीगोंद्याकडे फडावर होती, दुसऱ्याच्या टोळीत. कंबर कशी आहे विचारलं तर हाय म्हणाली. पाखऱ्याच्या अंगावर डाग राहिलेत, पण ताकद आली. एकट्या बैलाला फडावर काम नाही, म्हणून भानुदासने त्याला शिंगणापूरच्या रस्त्यावर एका रसवंतीवाल्याकडे दिलाय. तिथे एकच लागतो.

तिकडे कधी गेलात तर बघा, म्हणाली. डाव्या कानाला चीर हाय. मी म्हटलं, बघेन. मग तिने आवाज खाली केला.

"रसवंतीवाला म्हनतो, दिवसभर वैरनीला तोंड लावीत न्हाई. म्होरं पडलेली असती, पर न्हाई. दिवस मावळला की मंग खातो." मग म्हणाली, "त्याला काय कळंना असं का करतो. ह्यांनाबी कळंना. मला दुसऱ्या कुनाला सांगता येत न्हाई, म्हनून तुमाला फोन केला."

मी म्हटलं, बरं केलंस.